तेच ते विचार आणि उदास मन: ओसीडी की डिप्रेशन?

तुम्ही लिहिलंय की दिवसभर डोक्यात तेच ते विचार फिरतात, झोप नाही, कशात मन लागत नाही, आणि हे ओसीडी (ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर: नकोसे विचार पुन्हा पुन्हा येणं आणि ते घालवायला काहीतरी करत राहणं) आहे की डिप्रेशन ते कळत नाही. मी डॉक्टर नाही. पण माझ्या ओसीडीवर जवळजवळ दोन वर्षं डिप्रेशन समजून उपचार चालले होते, म्हणून लिहिते आहे.

डॉक्टरांना मी फक्त "उदास वाटतं, झोप लागत नाही" एवढंच सांगितलं होतं. आपल्या हातून जवळच्या माणसाला इजा होईल असे विचार येतात, आणि ते पुसायला मी मनात एक वाक्य ठरावीक वेळा म्हणते, हे लाजेपोटी लपवलं. हात धुणं, कुलूप तपासणं असं बाहेरून दिसणारं माझ्याकडे काहीच नव्हतं. पण मनातल्या मनात मोजणं, झालेला प्रसंग पुन्हा पुन्हा तपासणं, "मी तशी नाही ना?" असं घरच्यांना विचारत राहणं, याही ओसीडीतल्या सक्तीच्या कृतीच असतात. हे मला फार उशिरा कळलं.

म्हणून विचार किती वेळा येतो यावरून ठरवू नका, तो दोन्हींत सारखा येऊ शकतो. तो आल्यावर तुम्ही काय करता ते बघा. डिप्रेशनमधला विचार बहुतेक वेळा खराच वाटतो. "मी कुचकामी आहे, माझ्यामुळे सगळ्यांचं वाटोळं झालं." माणूस त्याच्याशी भांडत नाही, त्यात बुडत जातो. ओसीडीतला विचार नकोसा असतो, आपल्या स्वभावाच्या अगदी उलट. "असं झालं तर?" म्हणून तो घाबरवतो आणि त्याला घालवायला काहीतरी करावंच लागतं. केलं की थोडा वेळ हायसं वाटतं, मग शंका परत. हे थोडा वेळ हायसं वाटणं मला सगळ्यात मोठी खूण वाटते. डिप्रेशनमध्ये तेवढाही दिलासा सहसा मिळत नाही.

असे नकोसे विचार येतात म्हणजे आपण वाईट, असंही समजू नका. रॅकमन आणि डी सिल्व्हा या संशोधकांनी १९७८ सालीच दाखवलं होतं की कुठलाही आजार नसलेल्या माणसांच्या मनातही असे विचार येतात.

निदानाची ढोबळ मापं अशी: किमान २ आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ उदासी किंवा कशातच रस नसणं, सोबत झोप, भूक, ताकद यांत बदल, तर डिप्रेशनचा विचार होतो. नकोसे विचार आणि सक्तीच्या कृती रोज १ तासाहून जास्त वेळ खात असतील किंवा त्यांनी कामं अडत असतील, तर ओसीडीचा.

दोन्ही एकत्रही असतात, आणि तसं असलं तर बऱ्याचदा ओसीडी आधीची असते. विचारांशी झुंजून माणूस खचतो. माझं तेच झालं होतं. आधी काय सुरू झालं, ते आठवून बघा.

फरक कळायला हवा तो उपचारांसाठी. एसएसआरआय गटातली (मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणारी) औषधं दोन्हींत देतात, पण ओसीडीत अनेकदा डोस जास्त लागतो आणि गुण यायला ८ ते १२ आठवडेही जातात. (डोस स्वतःहून वाढवू किंवा बंद करू नका.) थेरपी तर वेगळीच. ओसीडीत भीतीला सामोरं जायचं आणि सक्तीची कृती करायची नाही, असा टप्प्याटप्प्याने सराव करून घेतात. व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये या पद्धतीची सुरुवात केली. माझ्या आधीच्या समुपदेशनात मला दर वेळी "तू असं काही करणार नाहीस" अशी खात्री दिली जायची. बाहेर पडताना बरं वाटायचं, पण ओसीडीला त्यातून खतपाणीच मिळत होतं.

मरणाचे विचार येत असतील, तर ते भीतीचे की सुटकेचे हे स्वतः ठरवत बसू नका. आजच कुणाला तरी सांगा आणि तातडीने डॉक्टरांना गाठा.

एरवी आठवडाभर वहीत लिहा: कोणता विचार आला, मी काय केलं, किती वेळ बरं वाटलं. ती वही मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. तोंडाने सांगणं जमत नसेल तर नुसती पुढे करा. मी तेच केलं होतं. त्यांनी वाचलं आणि शांतपणे विचारलं, "हे वाक्य किती वेळा म्हणावं लागतं?" त्या दिवशी पहिल्यांदा मी खरं उत्तर दिलं.