विचारा तर खरं : सह्यांनी संविधान बदलतं का?

प्रश्न : आमचे जावई टेक्सासात असतात. तिथल्या जत्रेत टेबल मांडून काही लोक ‘राज्यांचं अधिवेशन बोलवा’ म्हणत सह्या घेत होते. अशानं संविधान बदलतं का हो?
– एक वाचिका, सांगली

उत्तर : नुसत्या सह्यांनी नाही, ताई. त्या सह्या दाखवून स्थानिक आमदाराच्या मागे लागायचं असतं. अमेरिकी संविधानाच्या पाचव्या अनुच्छेदानुसार ५० पैकी ३४ राज्यांच्या विधिमंडळांनी मागणी केली, की काँग्रेसला (तिथली संसद बरं का, आपला पक्ष नव्हे!) अधिवेशन बोलवावंच लागतं. तिथं सुचवलेल्या दुरुस्तीला पुन्हा ३८ राज्यांची मंजुरी हवी. असं अधिवेशन आजवर एकदाही भरलेलं नाही.

केंद्राच्या खर्चाला आणि अधिकारांना लगाम, पदांवर मुदतीची मर्यादा, या मागण्यांचा ठराव टेक्सासनं २०१७ मध्येच केला. २०२२ पर्यंत अशी राज्यं १९ झाली.

माझ्या मते खरा जोर धाकातच आहे. सिनेटर (काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहाचे सदस्य) थेट जनतेनं निवडावेत म्हणून राज्यांनी असाच रेटा लावला, तेव्हा काँग्रेसनं स्वतःच दुरुस्ती मांडली. ती १९१३ मध्ये लागू झाली. अधिवेशन एकदा भरलं की विषय हाताबाहेर जातील, ही भीती मात्र डाव्या-उजव्या दोघांनाही आहे. जावयांना सांगा, टेबलावरच्यांना एवढंच विचारा : तिथं प्रतिनिधी कोण नेमणार?