नीट ठेवलं, आणि तेच सापडेना

इंदूरच्या रामबागेतून एका ताईंचं पत्र आलंय. वय एकसष्ट. सासऱ्यांनी जमवलेले अडकित्ते, दौती, जुनी मनगटी घड्याळं आणि होळकरी नाणी यांनी घर भरलेलं. नातू रांगायला लागला म्हणून त्यांनी तीन संध्याकाळी एकटीनं सगळं हलवलं. आता नाण्यांची पिशवी आणि दोन घड्याळं सापडत नाहीत. मुलासुनेसमोर यजमान म्हणाले, "तुझं डोकं ठिकाणावर नाही." ताई विचारतात, "मला विसरायचा आजार तर लागला नाही ना?"

ताई, तुमच्या पत्रावरून मला तसं वाटत नाही. चाळीस वर्षं तुमचा हात त्या फडताळाकडे न बघता जायचा. तीन संध्याकाळींत शेदोनशे वस्तूंची जागा बदलली, आणि तेव्हा तुमचं सगळं लक्ष बाळाकडे होतं. ठेवताना मन तिथे नव्हतं, मग आठवणार काय? रोजचा रस्ता चुकणं, गॅस चालू राहणं, तेच तेच पुन्हा विचारणं असं होत असेल तर मात्र डॉक्टरांना जरूर दाखवा.

मला काळजी वेगळीच आहे. ती पिशवी तुमच्याआधी नातवाला सापडायला नको. म्हणून माळ्यावरचा अटाळा आज राहू द्या, शोध खालून सुरू करा. मुलाला किंवा सुनेला जमिनीवर बसून, बाळाच्या नजरेच्या उंचीवरून बघायला सांगा: दिवाणाखाली, गाद्यांच्या घडीत, शिलाई मशीनच्या खणात. घाईत आपण वस्तू हाताशी असेल तिथेच सारतो.

सव्वा इंच रुंदीच्या नळीत जे मावतं ते लहान मुलाच्या घशात अडकू शकतं. होळकरांचा नंदीवाला पाव आणा जेमतेम इंचभर, म्हणजे त्यात सहज बसतो. घड्याळं चावीची असतील तर एक वेळ ठीक, पण सेलची असतील तर ती आधी शोधा. बटणासारखा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतं. बाळानं तो गिळल्याची नुसती शंका आली तरी थांबू नका, उलटी करवू नका, थेट रुग्णालयात जाऊन एक्स-रे काढा. कपाटांतल्या डांबरगोळ्याही उचला, त्या विषारी असतात.

आता यजमानांबद्दल. त्यांचं ते बोलणं मला अजिबात आवडलं नाही. वडिलांचा संग्रह त्यांचा, नातू त्यांचा, मग आवराआवर तुमच्या एकटीची कशी? त्यांना एक वही द्या. तुम्ही वस्तू ठेवा, त्यांनी लिहावं: काय, कुठल्या कपाटात, कितव्या खणात. अडकित्ते मिटवून सुतळीनं बांधा आणि कुलपात टाका. कुठला अडकित्ता कुठून आला हे त्यांना ठाऊक असेल, तेही त्याच वहीत येऊ दे. सूनबाईंना मोबाईलवर प्रत्येक खणाचा फोटो काढायला सांगा. घर अगदी ओकंबोकं करू नका. एक पितळी वाटी, एक लाकडी पळी नातवासाठी खाली राहू द्या.

पिशवी आणि घड्याळं सापडली की मला कळवा. तोवर नातवाला त्या खोलीत क्षणभरही एकटं सोडू नका.

तुमची,
मावशी