सव्वादोन लाखांची बॅट, चौदा सह्या आणि पोरीचं कॉलेज

कोल्हापूरजवळच्या उचगावच्या एका वाचकांचा प्रश्न आलाय, थोडक्यात सांगतो. शिरोली एमआयडीसीत नोकरी, मुलगी बारा वर्षांची, तिच्या कॉलेजसाठी ठेवलेली एफडी याच महिन्यात सुटतीय. ओळखीतल्या एकाकडं 1983 च्या वर्ल्डकप टीमच्या चौदाही जणांच्या सह्या असलेली बॅट आहे, सर्टिफिकेटसकट सव्वादोन लाख म्हणतोय, दहा हजार टोकन देऊन झालंय. "सहा वर्षांत डबल होईल म्हणतात, घेऊ का?"

साहेब, पोरीच्या पैशातनं नको. क्रिकेटचं वेड मला कळतं, कपिलची ती ट्रॉफी उचललेली फ्रेम आमच्याही घरात होती, पण आधी हिशेब बघू. सव्वादोन लाख सहा वर्षं 7 टक्क्यांनी ठेवले तर टॅक्स न धरता 3 लाख 40 हजारांच्या आसपास होतात. बॅट खरंच डबल झाली, साडेचार लाखाला गेली असं धरा, विकून देणाऱ्यानं 20 टक्के कमिशन घेतलं तर तुमच्या हातात 3 लाख 60 हजार. म्हणजे सगळं मनासारखं झालं तरी फरक वीस हजाराचा, आणि तोवर घरात वाळवी, ओल, पाहुण्यांची पोरं, सगळ्यापासनं ती सांभाळायची. मुलीची फी भरायच्या आठवड्यात गिऱ्हाईक मिळालं नाही तर काय, हे त्या डबलवाल्यानं सांगितलेलं नसणार.

आणि हे सगळं बॅट खरी असली तर.

तुम्ही पाठवलेले फोटो झूम करून बघितले. चौदाच्या चौदा सह्या एकाच निळ्या मार्करनं, एकाच तिरकसपणात, ओळीनं मांडल्यासारख्या. चौदा माणसांच्या हातातनं बॅट फिरते तेव्हा कुणी कोपऱ्यात मारतो, कुणी उलट्या बाजूनं, कुणाचा हात जड, मध्येच पेन बदलतो. दुसरं म्हणजे रेघ. रोजची सही माणूस विचार न करता झरकन मारतो, त्यामुळं सुरुवात आणि शेवट निमुळते होतात, वळणावर जाडी बदलते. नक्कल करणारा बघून बघून काढतो, मग रेघ सगळीकडं सारख्याच जाडीची, मध्ये बारीक थरथर, नको तिथं पेन उचललेला आणि टेकवला तिथं शाईचा ठिपका. गुजरीतल्या सराफाकडं असतं तसलं दहापटीचं भिंग लावलं की हे दिसतं, तुमच्या फोटोत किरमाणींच्या सहीत तर भिंगाशिवाय दिसतंय. छापलेली सही असेल तर भिंगाखाली बारीक ठिपक्यांची जाळी दिसते. वाल्सनची सही मात्र आहे हां, स्पर्धेत एकही मॅच न खेळलेला चौदावा गडी, एवढा अभ्यास केलाय पठ्ठ्यानं.

पण खरी गोम पुढं आहे. तुम्हीच लिहिलंय की विकणारा म्हणतो या सह्या 2023 मध्ये, विजयाला चाळीस वर्षं झाली तेव्हा, एका कार्यक्रमात सगळ्यांकडनं घेतल्या. यशपाल शर्मा 13 जुलै 2021 ला गेले. त्यांची सही बॅटवर कशी? आता विचारलंत तर तो म्हणेल ती आधीची होती, मग विचारा आधीची आणि नंतरची शाई एकाच पेनाची कशी. तारीख आणि वस्तू जुळतात का एवढं बघितलं तरी निम्मा खोटा माल गळतो. कुणी शाहू महाराजांची बॉलपेनातली सही दाखवली तर हात जोडून निघायचं, महाराज 1922 ला गेले, बॉलपेन बाजारात दुकानातनं मिळायला लागलं 1945 ला.

सर्टिफिकेटचं म्हणाल तर जाड कागद, सोनेरी होलोग्राम आणि खाली विकणाऱ्याचीच सही, याला मी किंमत देत नाही. हॉलमार्कच्या सोन्यावर एचयूआयडी म्हणून सहा अक्षरी-अंकी ओळख नंबर असतो, बीआयएस या सरकारी मानक संस्थेच्या ॲपवर टाकून बघता येतो, सहीला आपल्याकडं असं सरकारी काही नाही. अमेरिकेत पीएसए, जेएसए, बेकेट अशा सह्या तपासणाऱ्या कंपन्या वस्तूवर नंबर लावतात, तो त्यांच्या वेबसाइटवर टाकून तपासायचा, पण सही त्यांच्या माणसासमोर झाली नसेल तर तेसुद्धा तज्ज्ञाचं मत, गॅरंटी नव्हे. तिथं एफबीआयनं 1990 च्या दशकात ऑपरेशन बुलपेन नावाची कारवाई केली, खोट्या सह्यांसोबत खोटी सर्टिफिकेटंही सापडली आणि चक्क मदर तेरेसांची सही असलेला बेसबॉलसुद्धा. मोठ्या बाजारात हे होतं तर ओळखीतल्या माणसाच्या ओळखीवर काय विसंबायचं!

एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. आज खरं-खोटं सिद्ध करायचं ओझं विकणाऱ्यावर आहे, पैसे दिले की ते तुमच्यावर येतं, उद्या तुम्ही विकायला गेलात की पुढचा माणूस हेच प्रश्न तुम्हाला विचारणार.

हौसच असेल तर बोनसमधनं दहा-पंधरा हजार बाजूला काढा, ज्याच्यासमोर उभं राहून सही घेता येईल अशा खेळाडूची घ्या, आपल्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या नेमबाज स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकला 2024 ला ब्राँझ आणलंय की. सही घेताना फोटो-व्हिडिओ काढा आणि ती विकायची आहे हे डोक्यातनं काढून टाका.

एफडीच्या पैशाचं म्हणाल तर मोठा भाग परत बँकेत किंवा पोस्टाच्या एनएससीत म्हणजे बचतपत्रात, थोडा शेअर बाजाराच्या निर्देशांकामागं चालणाऱ्या इंडेक्स फंडात, तोही शेवटची दोन वर्षं राहिली की हळूहळू काढून घ्यायचा. सुकन्या समृद्धी आता नाही उघडता येणार, वयाची दहा वर्षं उलटलीत. आणि जास्त व्याज दिसलं म्हणून पतसंस्थेत टाकू नका, बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेला तो नसतो.

टोकनचे दहा हजार परत मागा, तोंडी नको, व्हॉट्सॲपवर लिहून, यशपाल शर्मांचा मुद्दा टाकून. यूपीआयनं दिले असतील तर स्क्रीनशॉट काढून ठेवा, टाळाटाळ केली तर पोलिसात तक्रार द्या. आणि एफडी सुटायच्या आधी बँकेत जाऊन ऑटो-रिन्यूअलला काय टिक केलंय ते बघून या, नाहीतर आपोआप कितीतरी वर्षांसाठी अडकून बसेल.