थायरॉईडची गोळी एकदा सुरू केली की सवय लागते का? घरगुती उपाय करून ती बंद करता येईल का?

नाही, सवय वगैरे काही लागत नाही आणि धन्याच्या पाण्याने थायरॉईड बरा होत नाही. तुम्ही लिहिलंय की रक्ताच्या तपासणीत टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन) नॉर्मल आलाय म्हणून सासूबाई आता गोळी बंद कर म्हणतायत. अहो, तो नॉर्मल आलाय तो गोळीमुळेच! आमच्या घरात यावरून एवढी भांडणं झालीयत की तुमचा प्रश्न दिसल्यावर गप्प बसवलं नाही.

माझी आई म्हणजे भांडुपच्या चाळीत पहाटे पाणी भरून, सगळ्यांचे डबे करून, स्लो लोकल पकडून दादरला कामाला जाणारी बाई. ती हळूहळू अशी झाली की स्टेशनचा पूल चढताना मध्येच कठड्याला धरून उभी राहायची. जेवण अर्ध्यावर आलं तरी वजन वाढतंय, केस मूठमूठ जातायत, पोट साफ नाही, चेहरा सुजलेला, आवाज एवढा घोगरा की फोनवर लोकांना वाटायचं बाबाच बोलतायत. आणि मे महिन्यात, मुंबईच्या मे महिन्यात, आम्ही घामाने निथळतोय आणि ही पंखा बंद करून शाल घेऊन बसलेली. आमची आत्या गणपतीला आली आणि भरल्या घरात म्हणाली, "वहिनी, माणसाने अंग हलवावं, नुसतं बसून शरीर सुटणारच." आई काही बोलली नाही, दुसऱ्या दिवसापासून तशाच अंगाने पहाटे चालायला जायला लागली. एका डॉक्टरने वयाचं आहे म्हणून कॅल्शियम आणि बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं दिली. दुसऱ्या बाईंनी घोट्यामागे हातोडी मारून बघितली, पाय जागेवर यायला वेळ लागतोय हे त्यांना दिसलं आणि त्यांनी रक्त तपासायला लावलं. टीएसएच शंभरच्या वर!

आता टीएसएच म्हणजे काय ते बघा, कारण आत्याचा मुद्दा इथेच पडतो. मेंदूखाली वाटाण्याएवढी पिट्युटरी असते, ती टीएसएच सोडून गळ्यातल्या थायरॉईडला कामाला लावते. थायरॉईड मुख्यतः टी-फोर नावाचं हार्मोन बनवते, शरीरात त्याचं टी-थ्री होतं आणि हृदयाचे ठोके, आतडी, अंगातली ऊब, कोलेस्टेरॉल, पाळी सगळीकडे त्याचा हात असतो. रक्तात हे कमी पडलं की पिट्युटरी जोर लावते, कामगार ढिला पडला की मुकादम जास्त ओरडतो तसं. म्हणजे टीएसएच वाढलाय याचा अर्थ थायरॉईड कमी काम करतेय. आईला हाशिमोटो निघाला, 1912 साली हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरने पहिल्यांदा मांडलेला आजार, त्यात आपलीच प्रतिकारशक्ती ग्रंथीवर हल्ला करते. जी ग्रंथी अशी निकामी झाली ती कुठला रस पिऊन परत कामाला लागणार?

गोळीने आई काही महिन्यांत माणसात आली. मग आत्या परत आली, "गोळीची सवय लागते" म्हणाली, दुधीचा रस आणि धन्याचं पाणी सुरू करून दिलं आणि आईने गोळी थांबवली. पहिले काही दिवस काहीच झालं नाही, आत्या सगळ्यांना फोन करून सांगत होती. माणूस फसतो तो इथेच! टी-फोर रक्तातून निम्मं व्हायलाच साधारण 7 दिवस लागतात, त्यामुळे जुन्या गोळ्यांवर शरीर काही आठवडे चालतं आणि श्रेय रसाला जातं. पुढे पाय सुजले, आई बोलता बोलता झोपायला लागली, परत पहिल्यापासून डोस बसवावा लागला. आत्या स्वतः बीपीची गोळी रोज घेते, तिला कोणी सवय म्हणत नाही, मग आईची गोळी तेवढी व्यसन कशी? शरीरात जे बनत नाहीये तेच त्या गोळीत आहे. 1891 मध्ये जॉर्ज मरे नावाच्या इंग्लंडमधल्या डॉक्टरने अशाच एका बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला, तर ती पुढे 28 वर्षं जगली. उपाय एवढा जुना आणि साधा आहे.

गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्या, चहा अर्ध्या-एक तासाने. कॅल्शियम नाहीतर लोहाची गोळी असेल तर मध्ये चार तास जाऊ द्या. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर टेस्टच्या आधी डॉक्टरांना सांगा, त्याने रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. डोस बदलला तर टेस्ट सहा ते आठ आठवड्यांनी, पंधरा दिवसांत करून उपयोग नाही.

हां, आयुष्यभरच घ्यावी लागते असं सगळ्यांचं नसतं हे पण सांगते. बाळंतपणानंतर बिघडलेली थायरॉईड बऱ्याच जणींची आपोआप सुधारते, आणि टीएसएच थोडासाच वाढलेला असेल तर कधीकधी गोळी लागतच नाही. तुमचं यातलं नेमकं काय आहे ते मला इथून कळणार नाही, मी डॉक्टर नाही. मुंबईत परळला केईएम हॉस्पिटलमध्ये एंडोक्रायनॉलॉजीचा, म्हणजे हार्मोनच्या आजारांचा, वेगळा विभाग आहे, सगळे रिपोर्ट घेऊन तिथे दाखवा.

तुम्ही मुलाचा विचार करतोय असंही लिहिलंय, मग तर अजिबात स्वतःच्या मनाने बंद करू नका. सुरुवातीचे साधारण तीन महिने बाळाच्या मेंदूला लागणारं थायरॉईडचं हार्मोन आईकडूनच जातं. दिवस राहिल्याचं कळलं की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, डोस बहुतेक वेळा वाढवावा लागतो.