छोट्या संस्थेच्या सोशल मीडियाचं वर्षभराचं नियोजन कसं करावं?

तुमच्या प्रश्नावरून समजलं ते असं: यवतमाळ जिल्ह्यातली छोटी संस्था, कास्तकार आणि बचत गटांसोबत काम. फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅप बघणारे तुम्ही एकटेच, तेही हिशेब आणि अहवाल सांभाळून. आणि दर दोन दिवसांनी "आज काय टाकू?" हा प्रश्न. मी वर्धा जिल्ह्यात अशाच एका संस्थेत हे काम बघतो, त्यामुळे दुखणं ओळखीचं आहे.

इंटरनेटवर मिळणारी तयार कॅलेंडरं आधी बाजूला ठेवा. त्यात जागतिक अमुक दिन, राष्ट्रीय तमुक दिन असं भरलेलं असतं, आणि आपण वर्षभर फुलांच्या चौकटीत "हार्दिक शुभेच्छा" वाटत बसतो. गावातल्या ग्रुपवर सकाळी सहापासून शुभेच्छाच येत असतात, त्यात आपली कोण बघणार? तुमचं कॅलेंडर खरिपावर बसवा. वर्षाची बारा पानं घ्या आणि आधी फक्त एवढंच लिहा, की त्या महिन्यात वावरात काय चालू असतं आणि संस्था तेव्हा काय करते. त्यानंतर प्रत्येक कामाची पोस्ट त्या कामाच्या दोन-चार आठवडे आधी सरकवा. बहुतेक संस्था इथेच चुकतात. कार्यक्रम झाला की फोटो टाकतात. कास्तकाराला कार्यक्रमाचा फोटो नको असतो, त्याला पुढच्या पंधरवड्यात उपयोगी पडेल ते हवं असतं.

उदाहरण देतो. सोयाबीनचं घरचं बियाणं वापरायचं तर उगवण चाचणी एप्रिल-मे मध्येच व्हायला हवी: ओल्या गोणपाटात 100 दाणे गुंडाळून ठेवायचे, 70 किंवा जास्त उगवले तर बियाणं पेरणीलायक. हा व्हिडिओ जूनमध्ये टाकून काय उपयोग, तोवर माणूस कृषी केंद्रातून बॅगा घेऊन आलेला असतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगा, की 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. जुलैत फवारणीची काळजी: हातमोजे, मास्क, वाऱ्याची दिशा, दोन औषधं मनाने मिसळू नका. 2017 मध्ये तुमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर माणसं गेली, त्यामुळे हा विषय तुमच्याकडे दरवर्षी पक्का हवा, कोणी आठवण करून देण्याची वाट न बघता. पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, पात्या-फुलं लागायच्या सुमारास गुलाबी बोंडअळी. कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे) कसे लावायचे, डोमकळी (अळी लागून कळीसारखं मिटून राहिलेलं फूल) कशी ओळखायची, सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले तर काय करायचं, एवढ्यात तीन-चार पोस्ट सहज होतात. नोव्हेंबरच्या शेवटी "फरदड घेऊ नका", म्हणजे वेचणी झाल्यावर पाणी देऊन तीच पऱ्हाटी पुढे ठेवू नका. असं लिहीत गेलात की निम्मं वर्ष आपोआप भरतं, आणि पुढच्या वर्षी तीच यादी थोडी दुरुस्त करून परत चालते. सल्ल्याचा मजकूर मात्र अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिफारशींशी ताडून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा उचलू नका.

दिनविशेष अजिबात नकोत असं नाही, आपले निवडक ठेवा. पोळा आणि दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा, 15 ऑक्टोबरचा महिला किसान दिन, 20 डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी, 27 डिसेंबरला पंजाबरावांची जयंती. तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी गुरुकुंज मोझरीला तिथीप्रमाणे होते, तेव्हा तारीख दरवर्षी बघून घ्यावी लागते. त्या दिवशीही नुसता फोटो-हार नको. गाडगेबाबांच्या दिवशी एखाद्या गावाने नाली कशी साफ ठेवली ते दाखवा.

आता खरी अडचण. विषय ठरले तरी फोटो, आवाज, माहिती आणणार कोण? तुम्ही ऑफिसात, काम गावात. याचं उत्तर कोणत्याही अ‍ॅपमध्ये नाही. गावात फिरणाऱ्या ताई आणि कार्यकर्त्यांना आठवड्याच्या बैठकीत दहा मिनिटं मागून घ्या. त्यांच्याकडून लेख मागू नका, कोणी देत नाही. एक आडवा फोटो आणि अर्ध्या मिनिटाचा आवाज मागा: कोणतं गाव, कोण, काय केलं, का केलं. शक्यतो ते जिने काम केलं त्या बाईच्याच आवाजात असू द्या. "पऱ्हाटीवर डोमकया दिसून रायल्या होत्या, मंग आम्ही त्या तोडून जायल्या" हे जसंच्या तसं ठेवा. त्याचं पुस्तकी मराठी केलं की गावातलं कोणी ऐकत नाही, हा माझा ठाम अनुभव आहे. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला की दबतो, म्हणून डॉक्युमेंट करून पाठवायला शिकवा. आणि आला त्या दिवशीच ड्राइव्हवर महिना-गाव-विषय अशा नावाने टाका, नाहीतर मार्चमध्ये अहवाल लिहिताना हजारो फोटोंत शोधत बसाल.

नियोजनाला साधी गुगल शीट पुरते. तारीख, विषय, कोणासाठी, कुठे टाकायचं, साहित्य कोण देणार आणि कधीपर्यंत, कोण तपासणार. यातला "कधीपर्यंत" हा रकाना सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच सगळे रिकामा ठेवतात. आठवड्याला दोन पोस्ट ठरवा, जास्त नको. तिसरी जागा मोकळी सोडा, कारण गारपीट, अतिवृष्टी, पीक विम्याची मुदत या गोष्टी शीटला विचारून येत नाहीत. फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या पोस्ट मेटा बिझनेस सूटमधून आधीच लावून ठेवता येतात, पैसे लागत नाहीत. वेळ रात्री आठनंतरची. पेरणीच्या दिवसांत लांब व्हिडिओ टाकू नका, माणसं दमून झोपलेली असतात किंवा रात्रीच्या लाइनवर ओलिताला गेलेली.

"कोणासाठी" हा रकाना का, तर गावातली माणसं आणि देणगीदार एका ठिकाणी नसतात. गावासाठी व्हॉट्सअ‍ॅप आणि यूट्यूब. ग्रुपमध्ये 1024 माणसं बसतात, पण तिथे सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि बचत गटातल्या बायांना ते नको असतं. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256 जण, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोहोचतो, त्यामुळे बैठकीतच समोर बसून सेव्ह करून घ्यावा लागतो. व्हॉट्सअ‍ॅप चॅनेलमध्ये सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. मी तुमच्या जागी असतो तर माहिती चॅनेलवर टाकली असती आणि ग्रुप फक्त प्रश्नोत्तरांसाठी ठेवला असता. फेसबुक अधिकारी, पत्रकार, शहरात गेलेली गावची पोरं आणि देणगीदारांसाठी. इन्स्टाग्राम जमलं तर, नाहीतर राहू द्या.

संमतीबद्दल कडक राहा. कोणाचाही फोटो टाकण्याआधी तो कुठे दिसणार हे सांगून होकार घ्या, मुलांच्या बाबतीत आईवडिलांचा. कर्जाची रक्कम, आधार कार्ड, लाभार्थ्यांची मोबाईल नंबरसकट यादी, हे फोटोच्या कोपऱ्यातही दिसायला नको. आत्महत्याग्रस्त कुटुंबातल्या बाईचा रडतानाचा फोटो देणगी आणतो हे खरं आहे. तरी टाकू नका. तिला त्याच गावात राहायचं असतं.

किरकोळ पण त्रासाचं एक: ऑफिसातला जुना मजकूर श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल तर फेसबुकवर त्याचा कचरा होतो, आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. पोस्टरला मुक्ता किंवा बालू हे मोफत फॉन्ट वापरा, जोडाक्षरं नीट येतात.

आणि सुरुवात करण्याआधी पेज कोणाच्या नावावर आहे ते बघा. बऱ्याच ठिकाणी ते एखाद्या पोराच्या खासगी खात्यावर असतं, तो पुण्याला नोकरीला गेला की पेजही गेलं. किमान दोन अ‍ॅडमिन ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपचं सिम संस्थेच्या नावावर घ्या आणि रिकव्हरीचा ईमेल कार्यालयाचा द्या.