त्या दोघींचं पुढं काय झालं?

मागच्या महिन्यात याच पानावर मी सहज लिहून टाकलं होतं की मी ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून सिरीज, पाहते आणि त्यातही जिथं दोन मुलींचं एकमेकींवर प्रेम आहे अशा सिरीज शोधून शोधून पाहते, आणि बाप्पा, एवढी पत्रं आली! काही पोस्टानं, बाकी सगळी व्हॉट्सॲपवर. सगळी छापणं होत नाही म्हणून चार घेतली. नावं काढून टाकलीत.

प्रश्न: ताई, मी दारव्ह्याकडच्या एका खेड्यातली, बीए फर्स्ट इयरला आहे. खाली रेंज नाही म्हणून रात्री स्लॅबवर जाऊन पाहते. जे पाहिलं त्याचा रिव्ह्यू वहीत लिहिते. माझी मैत्रीण ती वही वाचून म्हणते की तू सगळीकडं प्रेमच काढून राहिली, त्या तर नुसत्या मैत्रिणी आहेत नं. किस नाही, लग्नाचं बोलणं नाही, मग प्रेम आहे हे कशावरून लिहायचं? आणि दहापैकी मार्क कसे द्यायचे?

उत्तर: पहिले तर ती वही जपून ठेव अन् प्रत्येक रिव्ह्यूवर तारीख टाकत जा. दोन वर्षांनी तीच सिरीज परत पाहशील तेव्हा आपलं मत कुठं बदललं ते तुलेच दिसेल.

आता मैत्रिणीच्या बोलण्याचं. एक करून पाहा. कोणत्याही सिरीजमध्ये एक मुलगा अन् एक मुलगी एका छत्रीखाली घरी चालले, तो तिच्याकडं पाहते, ती मान खाली घालते, मागं पावसाचा आवाज, बस, एवढ्यावर घरातलं लहान पोरगंही सांगते की यांचं जमणार आहे. तिथं कोणी पुरावा मागत नाही. तीच छत्री, तोच पाऊस, पण दोघी मुली असल्या की लगेच 'नुसत्या मैत्रिणी'. म्हणून मी काय करते, मनातल्या मनात दोघींपैकी एकीच्या जागी मुलगा ठेवते, आणि तरी सीन प्रेमाचा वाटला तर प्रेमाचा म्हणूनच लिहिते. उलटंही होते हं, कधी कधी असं केल्यावर कळते की ही खरंच मैत्री आहे, मग तेही तसंच लिहायचं, मैत्री काही हलकी गोष्ट नाही.

दुसरं, कान उघडे ठेव. जपानीत 'सुकी' हा एकच शब्द आवडण्यालाही चालते अन् प्रेमालाही. आपल्या मराठीसारखंच आहे, मला भरीत आवडते आणि मला तू आवडते, क्रियापद तेच, पण कोणत्या आवाजात म्हटलं त्यावर सगळं आलं. इंग्लिश सबटायटल लिहिणाऱ्याला मात्र लाइक की लव्ह हे ठरवावंच लागते, आणि तो जे ठरवतो तेच आपण खरं धरून बसतो. 'ब्लूम इनटू यू' (२०१८, १३ एपिसोड) ही अख्खी सिरीज या एका शब्दावर उभी आहे. त्यातल्या यू नावाच्या मुलीनं गाण्यांमध्ये, मांगामध्ये (जपानी कॉमिक्समध्ये) प्रेमाबद्दल सगळं वाचलंय पण तिच्या आत ते काही केल्या उमटत नाही, आणि तिच्या शाळेतली तोको तिला सांगते की मला तू आवडते, पण तू माझ्या प्रेमात पडू नको. दोघींच्या तोंडात शब्द एकच अन् अर्थ वेगळा. ते ऐकताना मला दर वेळी आत कुठंतरी टोचते.

भाषेवरूनच आठवलं. 'रिव्होल्युशनरी गर्ल उतेना' (१९९७, ३९ एपिसोड) मधली उतेना स्वतःला 'बोकू' म्हणते, म्हणजे मुलं 'मी' साठी जो शब्द वापरतात तो. सबटायटलमध्ये हे सगळं उडून जाते, तिथं नुसता आय राहतो. पण आपल्याला हे चटकन कळायला पाहिजे, माझी आजी आयुष्यभर 'मी येतो वावरातून' असंच म्हणायची, आमच्याकडच्या किती तरी बाया अजूनही म्हणतात. पुण्याच्या पोरीनं तसं म्हटलं तर मात्र सगळे वळून पाहतील, आणि उतेनाचं बोकू जपानी कानाला तसंच खटकते.

आता माझ्या खऱ्या मुद्द्यावर येते. मी मार्क देत नाही. मी प्रत्येक सिरीजला एकच प्रश्न विचारते, त्या दोघींचं पुढं काय झालं?

असं का विचारते ते सांगते. जपानमध्ये शंभर वर्षांमागं मुलींच्या शाळांमध्ये मोठ्या वर्गातली अन् लहान वर्गातली अशा दोघींचं जिवापाड गूळपीठ असायचं, त्याला 'एस' म्हणायचे, सिस्टरमधला एस. योशिया नोबुको या लेखिकेनं १९१६ पासून 'हाना मोनोगातारी' नावानं अशा मुलींच्या कथा लिहिल्या अन् पोरींनी त्या डोक्यावर घेतल्या. पण लोकांनी ते चालू दिलं ते एका अटीवर, शाळा संपेपर्यंतच. मग लग्न. आपल्याकडं भुलाबाईच्या दिवसांत महिनाभर संध्याकाळी हातात हात घालून घरोघरी गाणी म्हणणाऱ्या, खिरापत ओळखणाऱ्या दोन पोरी आठव, पुढं एक दिग्रसला दिल्या जाते अन् एक वणीला, आणि त्यांच्या मनात काय होतं हे कोणी कधी विचारतच नाही. सगळ्यांच्या मनात तेच होतं असं मी म्हणत नाही, पण काहींच्या मनात असेल नं? योशियाबाई स्वतः मात्र मोन्मा चियो या बाईसोबत जवळपास ५० वर्षं राहिल्या, आणि लग्नाचा कायदा नाही म्हणून १९५७ मध्ये त्यांनी चियोला कागदोपत्री दत्तक मुलगी करून घेतलं. दोघी कमावत्या बाया, आयुष्याची जोडीदार, आणि कागदावर माय-लेकी. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी लय रडली.

तर ही अट मोडली का, हे मी पाहते. 'मारिया-सामा गा मितेरु' (पहिला सीझन २००४) सुंदर आहे, शाळेतली मोठी मुलगी लहानीला रोझरी (ख्रिस्ती जपमाळ) देते अन् दोघी मानलेल्या बहिणी होतात, पण जिथं सेई नावाच्या मुलीचं शिओरीवर खरं प्रेम आहे तिथं शिओरी तिला सोडून निघून जाते, म्हणजे अट कायम. 'आओई हाना' (२००९, ११ एपिसोड, सगळी कामाकुरातली) सुरू होते तिथंच फुमी या मुलीला कळते की तिची नात्यातली बहीण, जिच्याशी तिचं नातं होतं, ती लग्न करून राहिली. पण ही सिरीज तिथं थांबत नाही, फुमी हळूहळू आपल्या बालमैत्रिणीला आपलं खरं सांगते, रडत सांगते पण सांगते. आणि 'ब्लूम इनटू यू'मध्ये तर एका कॅफेची मालकीण अन् शाळेतली मॅडम या दोन मोठ्या बाया एकमेकींसोबत आहेत. सीन थोडेच आहेत, पण तुझ्या वहीत त्यांना वेगळं पान दे. ज्या मुलीला वाटते की हे शाळेपुरतंच असते, तिच्यासमोर या दोन बाया कॉफीच्या कपासोबत आपलं अख्खं पुढचं आयुष्य ठेवतात. ॲनिमे मात्र मधातच थांबते, शेवट पाहिजे असेल तर मांगाचे आठही भाग वाच, तिथं यू अन् तोको कॉलेजात गेलेल्या दिसतात, सोबत.

आणि एक गोष्ट लिहायला लाजू नको. 'सिट्रस' (२०१८) लय लोकांनी पाहिली, पण तिच्यात पहिल्याच एपिसोडमध्ये मेई यूझूचा जबरदस्तीनं किस घेते, पुढंही असं होत राहते. दोघी मुली आहेत म्हणून ते गोड होत नाही. आपल्याला अशा सिरीज कमी मिळतात म्हणून जी मिळाली तिचं कौतुकच करायचं, असं मला नाही पटत. हे मुलानं केलं असतं तर तू काय लिहिलं असतं? तेच लिही.

प्रश्न: यूरी यूरी म्हणतात ते काय आहे? कोण्या कॅरेक्टरचं नाव आहे का? (पुसदहून)

उत्तर: नाही. जपानीत यूरी म्हणजे लिलीचं फूल. मुली-मुलींच्या प्रेमकथांना आता हाच शब्द आहे. १९७६ मध्ये तिथल्या, पुरुषांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांसाठीच्या 'बाराझोकू' या मासिकाचे संपादक इतो बुनगाकू यांनी बाया वाचकांच्या पत्रांसाठी एक सदर काढलं, त्याचं नाव 'यूरीझोकूची खोली'. शब्द पुढं आला तो तिथून, वाचक बायांच्या पत्रांच्या पानावरून. म्हणून मला हे पान लिहिताना बरं वाटते.

प्रश्न: ताई तुम्ही 'विच फ्रॉम मर्क्युरी'ला लव्हस्टोरी म्हटलं, ते तर गुंदाम आहे, रोबोट आहे, लढाई आहे. तुम्ही कोणती पाहिली? (हिंगणघाट, एक भाऊ)

उत्तर: भाऊ, तुम्ही पाहिली तीच, २०२२-२३ ची, २४ एपिसोडवाली. लढाई आहे नं, मस्त आहे, पण पहिल्या एपिसोडची लढाई कशासाठी होते ते आठवा. जो जिंकेल त्याचं मिओरिनेशी लग्न. मर्क्युरीवरून, म्हणजे बुध ग्रहावरून, आलेली सुलेत्ता जिंकते, घाबरून म्हणते मी तर मुलगी आहे, आणि मिओरिने म्हणते की तुमचं मर्क्युरी लय जुनाट दिसते, इकडं हे चालते. शेवटी तीन वर्षांनंतरचं दाखवलं तिथं दोघींच्या बोटात अंगठ्या आहेत. पुढं गुंदामच्या मासिकात मुलाखत आली, तिच्या छापील अंकात लग्नाचा उल्लेख होता, डिजिटल अंकातून तो शब्द काढला, अन् मग कंपनीनं सांगितलं की ज्यानं त्यानं आपापला अर्थ घ्यावा. जुलै २०२३ ची गोष्ट. 'सेलर मून'मधल्या हारुका-मिचिरू या प्रेमात असलेल्या दोघींना जुन्या इंग्लिश डबिंगमध्ये चुलत बहिणी करून टाकलं होतं, हे त्याच वळणाचं. मला राग याचा येतो की ज्यांनी अंगठी काढली, रंगवली, त्यांचं काम स्पष्ट आहे, आणि नंतर खुर्चीत बसलेल्या कोणीतरी ते पुसायला निघते. मी पडद्यावरची अंगठी खरी मानते.

प्रश्न: नमस्कार. आम्ही मोर्शीकडचे, संत्र्याचा बगीचा आहे. मुलगी अमरावतीले शिकते, एकोणीस वर्षांची. दिवाळीत घरी आली तर मोबाईलवर दोन पोरींचं कार्टून पाहत होती, त्या एकमेकींचा हात धरून बसल्या होत्या. मी विचारलं हे काय आहे, तर काहीच न बोलता उठून गेली अन् दोन दिवस नीट जेवली नाही. मी रागावली नव्हती हो. तिच्या बाबांना सांगितलं नाही. हे पाहणं वाईट आहे काय? तिले काही बोलू का?

उत्तर: काकू, तुम्ही बाबांना सांगितलं नाही अन् आधी इथं विचारलं, हे लय चांगलं केलं. वाईट नाही. तुम्ही सांगता तसं हात धरून बसणं म्हणजे प्रेमाची साधी गोष्ट असणार. आता ती हे का पाहते याची दोन कारणं असू शकतात, एक म्हणजे गोष्ट चांगली आहे म्हणून, आणि दुसरं म्हणजे त्यात तिला आपलं काही दिसते म्हणून. कोणतं ते मी इथं बसून सांगू शकत नाही, आणि काकू, तुम्हीही तिला विचारू नका. तिला वाटेल तेव्हा ती सांगेल, नाही वाटलं तर नाही सांगणार. दुसरं कारण असलं तरी भिऊ नका, ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की दोन सज्ञान बायांचं किंवा पुरुषांचं आपल्या मर्जीनं असलेलं नातं गुन्हा नाही. लग्नाचा हक्क अजून नाही, तो २०२३ मध्ये कोर्टानं दिला नाही, हे मी लपवत नाही.

ती उठून काऊन गेली, ते मला वाटते मला समजते. आपल्या मराठीत अशा मुलीची गोष्ट रंगमंचावर आली ती १९८१ मध्ये, तेंडुलकरांची 'मित्राची गोष्ट', मोठं धाडसाचं नाटक, पण त्यातल्या मित्रा नावाच्या मुलीचा शेवट मरणात होतो. सिनेमात अशी बाई आली की तीही बहुतेक मरते नाही तर कोणाला तरी मारते. मोठं होताना अशाच गोष्टी कानावर पडल्यावर एखाद्या पोरीला जिथं दोघी जगतात, हसतात, भांडतात, अभ्यास करतात अशी गोष्ट सापडली तर ती जीव लावून पाहणारच, आणि मायनं 'हे काय आहे' म्हटलं की तिला वाटते आता हेही गेलं. तुमचा आवाज साधाच असेल, पण तिच्या कानात तो तसा पोचला.

बोलायचंच असेल तर 'हे काय आहे' च्या जागी 'मलेही दाखव' म्हणा. पुढच्या सुट्टीत आली की तिला म्हणा मला 'आसागाओ तो कासे-सान' पाहायचं आहे, ते फक्त ५८ मिनिटांचं आहे, रात्री भाकरी झाल्यावर बसलं तर ओलिताच्या पाळीआधी संपते. त्यातली यामादा शाळेतल्या फुलझाडांची निगा राखते, हात मातीत, लाजरी पोरगी, आणि कासे ही धावण्याच्या टीममधली. वाईट काही होत नाही हो. कॉलेजसाठी एकीला टोकियोला जायचं आहे अन् दुसरीला गावाजवळच राहावं असं वाटते, एवढाच पेच, तुमच्या घरी हाच पेच अमरावतीच्या ॲडमिशनवेळी झाला असेल. सबटायटल इंग्लिशमध्ये आहेत, तिलाच वाचून सांगायला लावा, तेवढंच तिच्या तोंडून दोघींचं बोलणं तुमच्या कानावर येईल. शेवटी स्टेशनवरचा सीन आहे. तिथं मधात काही विचारू नका, तिला पाहू द्या.