आर्गोनॉट-२ साठी प्रतिपिंड निवडताना

आरएनए इंटरफेरन्समध्ये (लहान आरएनएच्या मदतीने जनुके शांत करण्याची पेशीतील यंत्रणा) लहान आरएनएला धरून लक्ष्य एमआरएनए कापणारे आर्गोनॉट-२ हे प्रथिन तुम्हाला वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिने वजनानुसार वेगळी करून हवे ते प्रतिपिंडाने पट्ट्याच्या रूपात दाखवण्याची पद्धत) पाहायचे असेल, तर किंमत पाहण्याआधी त्या प्रतिपिंडाची विशिष्टता कशी तपासली आहे ते पाहावे. मानवी पेशींत आर्गोनॉट १ ते ४ अशी चार भावंडे असून त्यांचे अमिनो आम्लांचे क्रम बरेच सारखे आणि वजनेही जवळपास सारखीच, सुमारे ९७ किलोडाल्टन, असतात. त्यामुळे पट्टा योग्य उंचीवर आला एवढ्यावरून तो आर्गोनॉट-२ चाच आहे असे मुळीच सिद्ध होत नाही. यावर खात्रीचा उपाय म्हणजे हे जनुक काढून टाकलेल्या पेशींचा नमुना शेजारच्या लेनमध्ये चालवणे. तशा पेशी नसतील तर एसआयआरएनएने (ठरावीक जनुक शांत करणारा लहान आरएनए) प्रथिन कमी करून पाहता येते. मात्र तेव्हा पट्टा फिका होईल, नाहीसा होणार नाही, आणि गंमत अशी की ज्या यंत्रणेचा घटक तुम्ही घटवत आहात तीच यंत्रणा तुम्ही त्यासाठी वापरत असता.

ब्लॉटवर उत्तम चालणारा प्रतिपिंड इम्युनोप्रेसिपिटेशनमध्येही (प्रतिपिंडाने पेशीरसातून प्रथिन ओढून काढणे) चालेलच असे धरू नये, कारण ब्लॉटवर प्रथिन उलगडलेले असते, तर पेशीरसात ते घडी घातलेले व इतर प्रथिनांनी वेढलेले असते. प्रथिनासोबत ओढला गेलेला आरएनएही मोजायचा असेल, तर लायसिस बफरमध्ये (पेशी फोडण्याचे द्रावण) आरनेज इनहिबिटर (आरएनए तोडणारी विकरे रोखणारा पदार्थ) घालावा आणि मूळ प्रतिपिंड ज्या प्राण्याचा असेल त्याच प्राण्याच्या सर्वसाधारण आयजीजीचे (विशिष्ट लक्ष्य नसलेले प्रतिपिंड) नियंत्रण प्रत्येक वेळी ठेवावे. दुय्यम प्रतिपिंड (मूळ प्रतिपिंडाला चिकटून तो दाखवणारा) मात्र मूळ प्रतिपिंडाच्या प्राण्यानुसारच मागवावा.